पुलावरचा दुसरा माणूस

वरिष्ठांनी स्वतःच्या हाताने काढलेलं चित्र आपल्याला भेट दिलं, तर ती बढतीची चाहूल समजायची की घरी बसण्याची सूचना, याबद्दल सरकारी नोकरीत कुठलाच नियम नाही. बाकी सगळ्याला आहे. रस्त्यावरचा गेलेला दिवा बदलायला कोणाकोणाची सही लागते याला नियम आहे, बदललेला दिवा पुन्हा गेला तर कोणाला विचारायचं याला आहे. फांग शौरेन यांचं उभं आयुष्य शहराच्या दिव्यांच्या कचेरीत गेलं होतं, आणि हे सारे नियम त्यांना झोपेत विचारले तरी सांगता येत. चित्राबद्दल मात्र ते अगदी अंधारात होते.

ताइहू सरोवराकाठच्या त्या शहरात साठीला टेकलेल्या अधिकाऱ्याने दोनपैकी एक गोष्ट करायची असते. एक तर मासे पकडायचे, नाहीतर डोंगर-नद्यांची चित्रं काढायची. मासेवाले परवडतात. त्यांचे मासे खाऊन संपतात. कचेरीचे प्रमुख ओउयांग साहेब दुसऱ्या जातीचे होते. निवृत्ती जवळ आली तसा त्यांचा कुंचला सुटला, आणि कचेरीतला एकेक माणूस गुंडाळी काखेत मारून घरी जाऊ लागला.

फांगांचा नंबर लागला तो दिवस महत्त्वाचा होता. वसंतोत्सवाची सुट्टी संपली की साहेब निवृत्त होणार होते आणि जाताना आपल्या खुर्चीसाठी एका उपप्रमुखाची शिफारस करून जाणार होते. उपप्रमुख दोनच. एक फांग, दुसरा तेंग. तेंग फांगांहून दहा वर्षांनी लहान, डोंगराळ तालुक्यातून बदली होऊन आलेला, आणि जिभेवर कायम मध ठेवून फिरणारा.

"लाओ फांग," जुन्या जाणत्या माणसाला मारायची ती हाक मारत साहेबांनी चहाचा पेला बाजूला सारला, "हे खास तुझ्यासाठी काढलंय. घरी लाव. रोज बघत जा. सणाच्या आधी मी चहाला येईन, तेव्हा सांग काय दिसलं."

"अप्रतिम आहे, साहेब," फांग म्हणाले.

"अजून उघडलं कुठे आहेस," साहेब म्हणाले.

उघडल्यावर दिसलं ते असं. डोंगर. डोंगरातून येणारी नदी. नदीवर अरुंद लाकडी पूल. पुलावर नखाएवढा एक माणूस, पाठमोरा, हात मागे बांधून चाललेला. वर कड्यावर चार खांबांचा एक मंडप, आणि त्यात कोणी नाही. काठावर पानं झडलेलं झाड. आकाशात रानहंसांची रांग आणि रांगेच्या बरीच मागे पडलेला एक रानहंस. उरलेला निम्मा कागद कोरा. तिथे धुकं आहे असं समजायचं असतं.

त्याच दुपारी तेंगलाही एक गुंडाळी मिळाली. त्याला बांबू मिळाले. बांबूचं एक बरं असतं, त्याच्या अर्थावर वाद नाही. बांबू म्हणजे सरळपणा, बांबू म्हणजे नम्रता, आणि बांबू म्हणजे पेरापेराने वर चढणं. हे बालवाडीतलं पोरही सांगेल. खुर्ची डोळ्यांसमोर असताना एकाला पेरापेराने वर चढणारं झाड मिळावं आणि दुसऱ्याला पाठमोरा माणूस, याचा अर्थ काय? हा प्रश्न डोक्यात घेऊनच फांगांनी चित्राला चौकट आणि काच करून आणली आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीचे पाच मजले चढवली.

बाईसाहेबांनी चित्र बघितलं. फांगांच्या पत्नी सूझेन शाळेत गणित शिकवत. उत्तर पुस्तकाच्या मागे दिलेलं नसतं म्हणून त्यांचा चित्रकलेवर जुना राग होता.

"मला तर हा माणूस सोया सॉस आणायला निघालेला दिसतोय," त्या म्हणाल्या.

"साहेबांना असं सांगू?"

"मग काय सांगणार?"

"मनःस्थिती सांगायची असते. आणि प्रतीकं."

"सोया सॉस संपल्यावर जी मनःस्थिती होते ती सांग."

चित्र सोफ्याच्या वर लागलं. ते वाकडं आहे की सरळ, यावर नवरा-बायकोत थोडं बोलणं झालं. ते इथे देण्यासारखं नाही. बोलणं चालू असतानाच समोरच्या झू काकी आत आल्या. रेशीम गिरणीतून निवृत्त झाल्यापासून काकींनी अख्ख्या इमारतीचं भाग्य सांभाळण्याचं काम बिनपगारी अंगावर घेतलं होतं. कोणाच्या घरी आरसा कुठे हवा आणि कोणाचा पलंग कुठल्या तोंडाने, हे त्या घरच्यांच्या आधी काकींना ठाऊक असे.

काकी चित्रासमोर उभ्या राहिल्या. काकी गप्प बसल्या की इमारतीत लोक खर्चाची तयारी करत.

"लाओ फांग, नदी कुठल्या बाजूला वाहतेय?"

"उजवीकडे, काकी."

"आणि उजवीकडे काय आहे?"

फांगांनी बघितलं. उजवीकडे घराचं दार होतं.

"पाणी म्हणजे पैसा. घरातली लक्ष्मी अशी धो धो जिन्यात," काकी म्हणाल्या. "वर घरातला कर्ता पुरुष तिच्यामागोमाग चाललाय. तेही रिकाम्या हाताने. चौथ्या मजल्यावरच्या ल्यूकडे चित्रात अशीच होडी होती, नाक दाराकडे केलेली. काय झालं माहीत आहे ना?"

"काय झालं?"

"तो घर विकून गेला."

"काकी, त्याने मोठं घर घेतलं."

"गेला की नाही?"

समोरच्या भिंतीवर चित्र नेलं तर नदी दारापासून घराच्या आत वाहणार होती, पण त्या भिंतीवर टीव्ही होता. जेवणाच्या टेबलामागची भिंत संडासाच्या दारासमोर येत होती, आणि साहेबांचा डोंगर संडासाकडे तोंड करून उभा करणं म्हणजे आपल्या हाताने आपली शिफारस फाडणं. झोपायच्या खोलीत पाणी चालत नाही असं काकी म्हणाल्या. चाललं असतं तरी चहाला आलेल्या साहेबांना पलंगापाशी कसं नेणार? तेव्हा टीव्ही खाली उतरवून त्या भिंतीला भोक पाडायचं ठरलं. फांगांनी कचेरीतल्या एकाकडून यंत्र आणलं आणि रविवारी जेवण होताच बाह्या सरसावल्या.

आता, दुपारच्या झोपेच्या वेळी भोक पाडू नये असा इमारतीचा नियम आहे. नियमांचे जाणकार असलेल्या फांगांना तो ठाऊक नव्हता असं नाही. पण माणूस भाग्य फिरवायला निघाला की घड्याळ बघत नाही. यंत्र भिंतीत शिरलं, फर्र करून एक ठिणगी उडाली, आणि घरातला हीटर, शीतकपाट, काकींकडचा भाताचा कुकर आणि पूर्ण जिन्यातले दिवे एका दमात गेले.

इमारतीच्या मोबाइल गटावर संदेश येऊ लागले.

"दुपारी भोकं कोण पाडतंय? बाळ उठलं."

"वीज गेली."

"दिव्यांच्या कचेरीचे साहेब राहतात ना आपल्याकडे? त्यांना सांगा कोणीतरी."

"त्यांनीच घालवली."

यानंतर कोणीतरी हसण्याचं एक चित्र टाकलं. मग सगळ्यांनीच टाकलं. ज्या माणसाच्या सहीशिवाय शहरातला एकही खांब उजळत नाही, त्याने अंधार पडल्यावर मेणबत्तीच्या उजेडात मोबाइलवरची ती हसरी तोंडं बघितली. इमारतीच्या व्यवस्थापकाने, म्हणजे केसांना तेल चोपडलेल्या एका तरुणाने, यंत्र जप्त केलं आणि सण होईपर्यंत पाचव्या मजल्यावर खिळासुद्धा ठोकायचा नाही असं बजावलं. फांगांचा माफीनामा खालच्या फलकावर लागला. येणारे-जाणारे तो थांबून वाचत. काकींना अक्षर आवडलं.

चित्र सोफ्याच्या वरच्या भिंतीवरच राहिलं. नदी दाराकडे वाहतच राहिली.

अशा वेळी तेंग आला. हातात संत्र्यांची जाळी होती. "सहज इकडून चाललो होतो, फांगदादा. म्हटलं तुमचं चित्र बघावं. माझ्याकडे काय, चार बांबू."

"चार बांबू काय कमी आहेत," फांग म्हणाले.

तेंगने चित्र जवळून बघितलं, मग लांबून बघितलं, मग मान तिरकी करून बघितलं. आणि असा उसासा सोडला की फांगांच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं.

"बोल की."

"नाही दादा, मला काय कळतं त्यातलं."

"तरी."

"नाही, म्हणजे, पाठमोरा आहे ना. माणसांकडे पाठ, डोंगराकडे तोंड. ही वृत्ती फार थोड्यांना साधते. झाडावर पान नाही, म्हणजे इच्छा संपल्या. मंडप रिकामा, म्हणजे विसावा वाट बघतोय. आणि तो मागे राहिलेला रानहंस." इथे तेंगचा आवाज खाली गेला. "साहेबांना तुमची फार काळजी आहे, दादा. थकलात तुम्ही. त्यांना दिसतं ते."

"मी थकलो नाही."

"तेच. तुम्ही कधी म्हणत नाही."

तेंग गेल्यावर फांगांनी सोफ्याकडे पाठ केली, मग तोंड केलं. पुढचे काही दिवस ते कचेरीतून आले की स्टूल ओढून चित्रासमोर बसत. धुक्यात काही सापडतं का ते बघत. कधी वाटे, माणूस डोंगराकडे चाललाय तो रुसून चाललाय. कधी वाटे, चिंतनात आहे. एकदा वाटलं की तो चाललेलाच नाही, उभा आहे, आणि पुलाचं लाकूड कुजलंय का ते बघतोय. जेवताना त्यांनी सूझेनना सांगितलं, की कोऱ्या जागेतच खरा अर्थ असतो असं जाणकार म्हणतात.

"कोऱ्या जागेला मी शून्य देते," सूझेन म्हणाल्या. "भात घे."

पण नवऱ्याचा चेहरा त्यांना बघवेना. रात्रंदिवस एका नखाएवढ्या माणसाच्या पाठीवर डोळे लावून बसलेला माणूस घरात असला की घरालाही पाठ फुटते. त्यांनीच झू काकींना बोलावलं.

काकी तयार होऊनच आल्या. "भिंत बदलता येत नाही, नदी वळवता येत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग एक माणूस वाढवा."

"कुठे?"

"पुलावर. समोरून येणारा. एक बाहेर चाललाय, एक घरात येतोय. हिशेब मिटला. आपल्या तळमजल्यावरचे दोंग मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. चहाच्या पुड्यावर काम करतील."

फांग ताडकन उठले. साहेबांच्या चित्राला हात लावायचा म्हणजे काय, त्यांनी विचारलं. काकींनी शांतपणे शेंगदाण्याचं साल फुंकलं.

"बादशहांनी काय केलं? दुसऱ्यांच्या चित्रांवर आपले लाल शिक्के ठोकले. जागा उरली तिथे आपल्या कविता लिहिल्या. झाली का त्या चित्रांची किंमत कमी? चित्र ज्याच्या घरी, भर घालायचा हक्क त्याचा. आपली रीतच आहे ती. आणि तुझा साहेब ढिगाने काढतो. सगळ्यांत डोंगर तोच. त्याला आठवणार आहे कुठल्या पुलावर किती माणसं सोडली ते?"

हा शेवटचा मुद्दा फांगांना पटला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे तर पूर्ण माणूस मिळत होता.

दोंग मास्तर आले. काच निघाली, चौकट निघाली, जेवणाच्या टेबलावर चित्र पसरलं. मास्तरांनी शाई घोटायलाच एवढा वेळ लावला की फांगांचा निश्चय दोनदा डळमळला. मग कुंचला हवेत धरून मास्तरांनी विचारलं, "रिकाम्या हाताने येऊ दे, की काही घेऊन?"

"रिकाम्या हाताने आलेला पाहुणा कशाला हवाय?" काकी म्हणाल्या. "खांद्यावर कावड द्या. दोन्ही टोपल्या भरून."

"कशाने भरू?"

"झाकून ठेवा. आत काय ते ज्याचं त्याने समजावं."

मास्तरांनी चार फटकारे मारले आणि डोंगराकडून एक माणूस कावड घेऊन पुलावर आला. पहिल्यापेक्षा थोडा थोराड झाला होता. गवती टोपी, वाकलेली काठी, पाय रोवून टाकलेला. खरं सांगायचं तर त्या चित्रात आता तोच एक चालत होता. काकींनी दाराकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, आणि पसंतीची मान हलवली. त्या दिवशी फांग स्टुलावर बसले नाहीत. पोटभर जेवले.

साहेब आले ते सणाच्या तोंडावर. येणार हे ठरलेलं होतं. त्यांची गाडी तेंग चालवत आणील हे मात्र कोणी ठरवलं नव्हतं. पाच मजले चढून साहेब धापा टाकत आत आले, मागून तेंग दोघांचे डगले घेऊन. चहा झाला, टरबुजाच्या बिया झाल्या, फांगांच्या तब्येतीची चौकशी तेंगने केली. मग साहेब उठले आणि सोफ्यापाशी गेले.

साहेब बघत राहिले. खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. पुढे झाले. नाक काचेला लागायच्या बेतात आलं.

"हा..." साहेब म्हणाले. "हा दुसरा..."

फांगांच्या पायाखालचा पाचवा मजला सरकला. पुढे काय बोलायचं याची त्यांनी तयारी केली होती. जाणं-येणं, भरती-ओहोटी, तोल, असं बरंच काही पाठ होतं. तोंड उघडलं तर आत फक्त जीभ होती. तेव्हा आयुष्यात चित्राबद्दल एक बरा शब्द न काढलेल्या सूझेन पुढे आल्या.

"साहेब, येणारा प्रत्येक पाहुणा आधी यालाच बघतो. म्हणतात, चित्राचा जीव या माणसात आहे. असा माणूस काढायला हाताला किती वर्षं लागली असतील?"

साहेबांची मान अजून काचेकडे होती. ती हळूहळू वर आली.

"वर्षं," ते म्हणाले. "वर्षंच लागतात. लोकांना वाटतं चार फटकारे. या माणसासाठी मी तीन रात्री झोपलो नाही."

फांगांनी श्वास सोडला. सूझेननी चहा ओतला. दुसऱ्या कोणाच्या गोष्टीत इथे सगळं आनंदाने संपलं असतं. पण साहेबांना आता बोलायला विषय मिळाला होता.

"सांग लाओ फांग, तुला काय दिसलं?"

"साहेब, तुमच्या तोंडून ऐकावं."

"खरं सांगू? बसा सगळे. हे चित्र सुरू केलं तेव्हा माझ्या मनात एकच माणूस होता. तो वरचा मंडप आहे ना रिकामा, ती माझी खुर्ची. आणि पुलावरून तिच्याकडे चाललेला माणूस, तो तू."

तेंगच्या जिभेवरचा मध पहिल्यांदाच आटला. फांगांना आपण सोफ्यावर बसलो आहोत की डोंगरावर, हे कळेना.

"एवढं साधं होतं ते," साहेब म्हणाले. "तू, पूल, खुर्ची. शिफारस लिहायलाच बसलो होतो म्हणा ना. पण बघ, कुंचला माणसापेक्षा शहाणा असतो. मनात एक होता आणि हाताने दोन काढले. का काढले? आज इथे उभं राहिल्यावर मला कळतंय." ते वळले. "तेंग, तुझे वडील काय करायचे?"

तेंगने क्षणभर चित्राकडे बघितलं. माणूस हुशार होता. "कावड वाहायचे, साहेब. डोंगरातून खाली गावात. थेट अशीच टोपी."

"अशीच टोपी," साहेबांचे डोळे भरून आले. "बघ. मला ठाऊकसुद्धा नव्हतं. तुमच्या डोंगरात, अरुंद पुलावर दोन माणसं समोरासमोर आली तर काय करतात?"

"जुनी रीत आहे, साहेब. ज्याच्या खांद्यावर ओझं असेल तो थांबत नाही. रिकाम्या हाताचा बाजूला होतो."

"रिकाम्या हाताचा बाजूला होतो," साहेब काचेतल्या त्या मागे बांधलेल्या हातांकडे बघत म्हणाले. "आणि त्यात त्याचा कमीपणा नाही. मोठेपणा आहे. म्हणूनच हे चित्र मी याला दिलं नाही, तुला दिलं. लाओ फांग, तू त्या पुलावर आहेस. समोरून हा ओझं घेऊन आला. तू काय करशील?"

फांगांनी सूझेनकडे बघितलं. सूझेन चहाच्या किटलीकडे बघत होत्या. उघड्या दारात झू काकी कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोणास ठाऊक, आणि त्याही उत्तराची वाट बघत होत्या. हा कावडवाला तळमजल्यावरच्या मास्तरांनी चहाच्या एका पुड्यावर काढला आहे, एवढं एकच वाक्य म्हणायचा अवकाश होता. ते म्हटलं असतं तर खुर्ची मिळाली असती की नोकरीही गेली असती, यावर फांगांनी पुढे खूप विचार केला. त्या वेळी वेळ नव्हता.

"बाजूला होईन, साहेब," ते म्हणाले.

साहेबांनी त्यांना मिठी मारली. ओउयांग साहेबांनी कोणाला मिठी मारल्याचं कचेरीत कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

निघताना सणाची भेट द्यायची रीत होती. फांगांनी ती आधीच बांधून ठेवली होती, साहेबांच्या शिफारशीला साजेशी: चहाचे डबे, सुकवलेलं डुकराचं मांस, मद्याच्या बाटल्या. हे सगळं तेंगने दोन्ही हातांत घेतलं. "तुम्ही नका त्रास घेऊ, दादा." साहेब कठडा धरून पुढे उतरले. फांग निरोप द्यायला जिन्यात आले तेव्हा तेंग पिशव्या सावरत त्यांच्या मागेच उभा होता.

"दादा, जरा," तेंग म्हणाला.

जिना अरुंद होता. फांगांनी भिंतीला पाठ लावली, पोट आत घेतलं, आणि ओझं खाली जाऊ दिलं.